ऋजुताचे साठ

ऋजुताला पुन्हा साठ मिळाले.

मनगटावरच्या पट्टीवर निकाल आला तेव्हा ती जेवणाच्या टेबलावर वायरींचा पसारा मांडून बसली होती. एक सेल, दोन दिवे, एकामागे एक जोडलेले. मी शेजारी बसून मेथी निवडत होते.

"बघ आई, दोन्ही सारखेच लागलेत. मला आधी वाटायचं, पहिला दिवा प्रवाह खाऊन टाकतो आणि दुसऱ्याला उष्टं उरतं. तसं काही नसतं. एकच प्रवाह सगळ्यातून फिरतो." मग तिने मनगटाकडे बघितलं आणि त्याच आवाजात म्हणाली, "साठ."

"कच्चे किती?"

"चाळीसपैकी छत्तीस."

मागच्या वेळी कच्चे एकतीस होते, त्याच्या आधी एकोणतीस. पक्के दर वेळी साठच.

ज्यांच्या घरात आठवीचं मूल नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलं पेपरात प्रत्यक्ष मिळवतात ते कच्चे गुण. पेपर सोपा होता की अवघड ते बघून मंडळाचं यंत्र त्यांचे पक्के गुण करतं, आणि पुढे फक्त पक्के चालतात. दर पंधरवड्याला एक छोटी परीक्षा, तिला पंधरवडी म्हणतात, आणि वर्षाच्या शेवटी विज्ञानाची पातळी परीक्षा. पातळीला एकसष्ट किंवा वर मिळाले तर 'अ' श्रेणी आणि नववीपासून विज्ञान शाळा. तिथे खऱ्या प्रयोगशाळा आहेत, आम्लं आहेत, भिंगं आहेत. साठ किंवा खाली मिळाले तर आपली नेहमीची शाळा, जिथे प्रयोग पडद्यावर बघायचे असतात. माझ्या मुलीला वस्तू हातात घेतल्याशिवाय काही कळत नाही. दिवाळीत तिच्या बाबांनी हा वायरींचा डबा आणला आणि तेव्हापासून विज्ञान तिच्या डोक्यात लख्ख उतरायला लागलं, हे मी रोज बघत होते. पक्क्या गुणांना मात्र ते दिसत नव्हतं.

दारावरची बेल न वाजवता अल्फिया आत आली. अल्फिया शिकलगार, खालच्या मजल्यावरची, बालवाडीपासूनची मैत्रीण. तिच्या अब्बांचा मिरजेत सतारींचा कारखाना आहे.

"आली का साठी, साठेबाई?" तिने विचारलं. आमचं आडनाव आवटी. पण वर्गात ऋजुताला आता साठेबाईच म्हणतात.

"आली."

"माझे सत्तावन्न. मागच्या वेळी एकोणसाठ होते, आणि या वेळी मी जास्त बरोबर लिहिलंय. तुझा पेपर चांगला गेला ना?"

"गेला."

"मग बरोबर आहे. काकू, तुम्हाला माहितीये? साठेबाईचा पेपर चांगला गेला की अख्ख्या वर्गाचे उतरतात. पोरं म्हणतात, पनवती आहे."

ऋजुता हसली. पण सोलायच्या वायरीवर तिची पक्कड नको तेवढी दाबली गेली आणि वायरच तुटली. मी ते बघितलं. मी बघत असतेच. ती किती वाजता उठली, डब्यातलं काय परत आलं, झोपेत किती वेळा कूस बदलली. सुशांत, माझा नवरा, म्हणतो, मृणाल, तू आई कमी आणि सीसीटीव्ही जास्त आहेस. फ्रिजवर तिचं वेळापत्रक लावलेलं आहे: उठणं, दूध, अभ्यास, खेळ, झोप. ती तिसरीत होती तेव्हापासून ते बदललेलं नाही. अल्फियाच्या आईने, रुबीना भाभींनी, त्याचा तेव्हाच फोटो काढून नेला होता. "तुमच्यासारखंच करते बघा वहिनी मी पण, मिनिटाला मिनिट," असं त्या अजून सांगतात.

पनवती हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. मग मी त्या दोघींना बसवून मागच्या सगळ्या पंधरवड्या आठवायला लावल्या. ऋजुताचे कच्चे कधी वाढले, अल्फियाचे पक्के कधी उतरले. दिवाळीपर्यंत काही नाही. दिवाळीनंतर प्रत्येक वेळी, एकीचे वाढले की दुसरीचे उतरले. वर्गातल्या आणखी चार जणींना अल्फियाने तिथूनच फोन करून विचारलं. त्यांचंही तेच.

मुलांच्या बडबडीला आकड्यांचा आधार निघावा, हे मला अजिबात आवडलं नाही.

*

शाळेत विज्ञानाचे ऐनापुरे सर भेटले. त्यांनी मला बसवलं, चहा सांगितला.

"सर, एकोणतीसचेही साठ आणि छत्तीसचेही साठ. असं कसं?"

"मॅडम, एकाने सपाट खेळपट्टीवर शंभर काढले आणि दुसऱ्याने फिरत्या खेळपट्टीवर साठ. चांगला कोण? धावांवरून नाही ना सांगता येत. तसंच हे. वर्गाची सरासरी वाढली, तर मुलं हुशार झाली असतील किंवा पेपर सोपा असेल. नुसत्या गुणांवरून ते कळत नाही. म्हणून किती कच्च्या गुणांना कुठली श्रेणी, ही रेषा आधी ठरवत नाहीत. पेपर झाल्यावर ठरवतात. पेपर सोपा निघाला तर रेषा वर, अवघड निघाला तर खाली."

"पण सोपा की अवघड, हे ठरवायचं कशावरून?"

"पूर्वी दुवा-प्रश्न असायचे. प्रत्येक पेपरात पाच-सात जुनेच प्रश्न घालायचे. जुन्या प्रश्नांवर यंदाची मुलं गेल्या वर्षीच्या मुलांइतकीच चालली आणि नव्यांवर मात्र आपटली, तर नवे प्रश्न अवघड होते. सरळ गणित. पण आता जुना प्रश्न राहतोय कुठे? एकदा मुलांच्या डोळ्यांखालून गेला की संध्याकाळपर्यंत शिकवणीच्या सगळ्या यंत्रांना पाठ. म्हणून आता दर वेळी कोरा नवा पेपर. दुवा म्हणून धरायला प्रश्नच उरला नाही."

"मग आता काय धरतात?"

"मंडळाकडे म्हणे एक स्थिर संदर्भ असतो. कसला, ते आम्हाला सांगत नाहीत." सरांनी बशीत चहा ओतला. "ऋजुताची काळजी करू नका हो. तिच्यासारखं सातत्य मी इतक्या वर्षांत बघितलेलं नाही."

मी खूश होऊन घरी आले. आईला अजून काय ऐकायचं असतं?

*

मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन. त्या आठवड्यात शुगरच्या मशीनला नवं रसायन लावलं होतं, आणि सकाळचे रिपोर्ट बघता बघता स्नेहल, माझ्या हाताखालची टेक्निशियन, गोंधळून माझ्याकडे आली.

"मॅडम, आज सगळ्यांचीच शुगर कमी येतेय. ते जोशीकाका, नेहमीचे डायबेटीसवाले, ते पण नॉर्मल. चमत्कारच म्हणायचा."

"कॅलिब्रेटर कधी लावलास?"

"सकाळीच. काल काढून ठेवला होता फ्रिजमधून."

मी त्याची छोटी बाटली, व्हायल, उचलून बघितली. झाकण अर्धवट लागलं होतं. रात्रभरात आतलं पाणी उडून द्रव आटला होता.

कॅलिब्रेटर म्हणजे ज्यातली साखर आधीच ठरलेली आहे असं पाणी. कंपनी सांगते, यात शंभर आहे. आपण ते मशीनला दाखवतो आणि म्हणतो, हे शंभर. मशीन ते मान्य करतं आणि मग बाकी सगळ्यांना त्याच्याशी ताडून बघतं. व्हायलमधलं पाणी उडालं, तर आतली साखर प्रत्यक्षात शंभरपेक्षा दाट झालेली असते. पण मशीनला तो शंभरच वाटतो. मग खऱ्या शंभरवाल्या माणसाला मशीन ऐंशी म्हणतं.

"आटलाय हा," मी म्हटलं. "म्हणून बाकीचे खाली आले."

"पण मॅडम, मी कॅलिब्रेटरच उलटून परत टाकून बघितला ना. तो बरोबर शंभर दाखवतोय."

"तो शंभरच दाखवणार. त्याच्यात काहीही झालं तरी त्याचा आकडा हलत नसतो. त्याच्यावरूनच तर सगळ्यांचे..."

वाक्य तोंडातच राहिलं.

व्हायल हातात तशीच होती. स्नेहल काहीतरी विचारत होती. मला फक्त टेबलावर सारखेच लागलेले दोन दिवे दिसत होते आणि अल्फियाचा आवाज ऐकू येत होता. साठेबाईचा पेपर चांगला गेला की अख्ख्या वर्गाचे उतरतात. साठेबाईचे मात्र साठच.

"मॅडम, बरं वाटत नाहीये का?"

"नवी व्हायल काढ," मी म्हटलं. "आणि सकाळचे सगळे रिपोर्ट थांबव. एकही बाहेर जाऊ देऊ नकोस."

*

मंडळाचं विभागीय कार्यालय सांगलीत आहे. मापन अधिकारी घोरपडे मॅडमना भेटायला मला फारसं थांबावं लागलं नाही. मी नाव सांगितलं आणि आतून लगेच बोलावणं आलं. आठवीतल्या एका मुलीच्या आईचं नाव या बाईंना माहीत असायचं कारणच काय?

मॅडम माझ्याच वयाच्या, पस्तिशीच्या आसपास. टेबलावर त्यांच्या मुलाचा फोटो होता.

"माझी मुलगी तुमची कॅलिब्रेटर आहे का?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी लॅबमध्ये काम करते."

त्या उठून दार लावून आल्या.

"आम्ही स्थिर विद्यार्थी म्हणतो. सांगायची परवानगी नाही, पण विचारल्यावर खोटं बोलायचीही नाही. संमती प्रवेशाच्या वेळी घेतलेली असते, सगळ्याच पालकांची. प्रश्न स्थिर राहत नाहीत, म्हणून आम्ही मुलं घेतली. काही मुलं अशी असतात की त्यांची वाढ आधी सांगता येते. या महिन्यात इतकं येईल, पुढच्या महिन्यात इतकं. त्यांना पेपर द्यायचा. अंदाजापेक्षा जास्त आलं तर पेपर सोपा, कमी आलं तर अवघड. मग त्यावरून बाकीच्यांची रेषा."

"आणि मूल खरंच अंदाजापेक्षा जास्त शिकलं तर?"

"एखादं शिकतं. पण प्रत्येक रेषेवर चाळीस मुलं होती. एकाचं कमी, एकाचं जास्त, सरासरीत मिटून जातं."

"होती म्हणजे?"

त्यांनी फोटोची चौकट थोडी सरळ केली. "कुणाचं घर बदलतं, कुणी आजारी पडतं, कुणाचे आईबाप वेगळे होतात. मूल अस्थिर झालं की यंत्र त्याला वगळतं. साठाच्या रेषेवर या विभागात सध्या एकच आहे."

बाहेर कुणाची तरी खुर्ची सरकली. मला तेवढाच आवाज नीट ऐकू आला.

"ऋजुताला एकसष्ट कधी मिळणार?" मी विचारलं.

"आवटी मॅडम, तिला साठ मिळत नाहीत. ती साठ आहे."

हे त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. माझ्याच आवाजात मी कुणाला तरी कॅन्सरचा रिपोर्ट देतेय असं मला वाटलं.

"मीच का? म्हणजे, तीच का?"

"इतकी नियमित मुलगी आम्हाला दुसरी दिसली नाही. झोप, हजेरी, अभ्यासाचे तास, काहीच हलत नाही. घरात कुणीतरी फार लक्ष देणारं आहे." त्यांना ते कौतुक वाटत होतं.

मी कसंबसं विचारलं, "यातून बाहेर काढता येतं?"

"पातळीच्या आधीच्या शेवटच्या दोन पंधरवड्या बुडवल्या, तर यंत्र तिला आपोआप वगळेल. मग पातळीला तिला तिचे स्वतःचे गुण मिळतील. पण मी हे तुम्हाला सांगितलेलं नाही. आणि मुलीला यातलं काही कळू देऊ नका. कळलेलं मूल स्थिर राहत नाही."

"तिच्या जागी कोण येईल?"

"तिच्यानंतर सर्वांत नियमित असेल ते. नाव विचारू नका."

नाव विचारायची मला गरज नव्हती. शिकलगारांच्या फ्रिजवर लावलेला तो फोटो मला जागच्या जागी दिसत होता.

*

सुशांत पाणीपुरवठ्यात आहे. त्या दिवशी कुठली तरी पाइप फुटली होती म्हणून उशिरा जेवायला आला. मी सगळं सांगितलं. आधी तो हसला.

"म्हणजे आपली पोरगी वजनाचा दगड आहे? दुकानदार एका पारड्यात ठेवतो तो?"

"हो."

त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि त्यातला जीव गेला. "दगड कितीही जड झाला तरी किलोच."

"आणि समोरच्या पारड्यात माल जास्त घालावा लागतो. अल्फियाचं तेच होतंय."

"मग बुडवू त्या दोन परीक्षा. माझ्या मामेबहिणीचं लग्न आहे म्हणून सांगू शाळेत."

"आणि अल्फिया?"

त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला. "मृणाल, आधी आपली."

मलाही तेच ऐकायचं होतं. खरं सांगते, मी त्याच्या तोंडून ते येण्याची वाट बघत होते.

"दगड म्हणजे मी का?"

ऋजुता आतल्या खोलीच्या दारात उभी होती. ती किती वेळ तिथे होती, हे मला, सतत बघत असणाऱ्या मला, माहीत नव्हतं.

खोटं बोलायला काही सुचेना. मी तिला जवळ बसवलं आणि लॅबमधलं सांगितलं. व्हायल, आटलेलं पाणी, शंभर, ऐंशी, आणि मंडळाने तिच्या वाढीचा बांधलेला अंदाज. ती रडेल असं वाटलं होतं. ती अगदी शांत बसून ऐकत होती, वायरी जोडताना बसते तशी.

"म्हणजे अल्फियाचे माझ्यामुळे उतरले?"

सगळ्यांत आधी तिने हेच विचारलं. मी आणि सुशांतने एकमेकांकडे बघितलंच नाही.

"तुझ्यामुळे नाही गं. त्यांच्या यंत्रामुळे."

"पण मी शिकले म्हणून. आणि मी बाहेर पडले की तीच येणार ना? तिचं सगळं आपल्यासारखंच असतं."

"तसं काही नक्की नाही," सुशांत म्हणाला.

"आई, तुझ्या त्या व्हायलमध्ये पाणी उडायच्या ऐवजी कुणी पाणी घातलं तर?"

"मग सगळ्यांची शुगर खरी आहे त्याहून जास्त येईल."

"आणि व्हायलची?"

"तिची तेवढीच."

"आणि जेवढं उडालंय, बरोबर तेवढंच घातलं तर?"

"तर सगळ्यांची बरोबर येईल," मी म्हटलं. लॅबवाली बाई बोलून गेली. आईला ते काय विचारतेय ते कळलंच नाही.

*

पंधरवडीच्या दिवशी सकाळी मी गजर बंद केला. ऋजुता जन्मल्यापासून पहिल्यांदाच मी तिला उठवायला गेले नाही. दूध गरम केलं नाही. पडदे ओढलेले ठेवले. परीक्षा सातला सुरू होते आणि उशीर झाला तर दार बंद. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले, हात नुसते लोंबकळत. काही न करणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं.

बरोबर तिच्या वेळेला आतून पाण्याचा आवाज आला. मग कपाटाचा. मग ती दप्तर अडकवून, वेणी घालून बाहेर आली.

"गजर नाही झाला," ती म्हणाली.

"मग उठलीस कशी?"

"सवय झालीये."

"ऋजू, आज नको जाऊस. का ते तुला माहितीये."

ती बूट घालत होती. "मला माहितीये. मी नाही गेले तर पुढच्या वेळेला अल्फिया साठेबाई होईल."

"तिचं ती बघेल. तिची आई आहे तिला."

हे बोलल्यावर मला स्वतःलाच कसंतरी झालं. ऋजुताने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिने स्वतःच दूध काढून थंडच प्यायलं, पेला विसळून ठेवला आणि जिन्याने खाली गेली. खालच्या मजल्यावरून रुबीना भाभींचा आवाज आला: "चला गं पोरींनो, वेळ झाली." दोघींची पावलं एकत्र उतरत गेली.

पुढच्या पंधरवडीलाही हेच झालं. त्या वेळी मी दाराची किल्ली लपवली होती. तिने ती मागितलीही नाही. माझ्यासमोर हात पसरून उभी राहिली, आणि मी दिली.

त्यानंतरची पातळी परीक्षा तिने कशी दिली ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "ठरवलं होतं तशी."

*

निकालाच्या दिवशी आमच्या जिन्यात गोंधळ होता. अल्फिया वर धावत आली ती चप्पल पायातच ठेवून. "काकू, त्रेसष्ट. त्रेसष्ट आलेत. 'अ' मिळाला." मागून रुबीना भाभी डोळे पुसत, हातात पेढ्यांचा बॉक्स. त्यांच्या वर्गातल्या बऱ्याच मुलींना 'अ' मिळाला होता. ऐनापुरे सरांचा मेसेज आला होता की यंदाचा निकाल कधी नव्हे तो वर्गाच्या अभ्यासाला शोभेसा लागलाय.

"आपल्या ऋजूचे?" भाभींनी विचारलं.

"साठ," ऋजुता म्हणाली आणि अल्फियाच्या तोंडात पेढा कोंबला.

भाभींचा चेहरा पडला. "काय वो वहिनी हे. हुशार तर हीच होती दोघींत."

त्या गेल्यावर मी तिची पट्टी मागितली. कच्चे गुण बघितले. दिवाळीनंतरच्या तिच्या कुठल्याही पेपरपेक्षा कितीतरी कमी. मी उत्तरं उघडली. विजेचे सगळे प्रश्न होते आणि प्रत्येक प्रश्नाला तिने काहीतरी लिहिलं होतं. शेवटचा तर तोच होता, एक सेल आणि एकामागे एक दोन दिवे, कोणता जास्त उजळेल? तिच्या नेटक्या अक्षरात खाली लिहिलं होतं: पहिला दिवा जास्त उजळेल, कारण तो प्रवाह वापरून टाकतो आणि दुसऱ्यासाठी कमी उरतो.

मला तिथे बसवेना. मी उभी राहिले.

"हे तू मुद्दाम लिहिलंस."

"मी दिवाळीच्या आधी जशी होते ना, तशी होऊन लिहिलं. तेव्हा मी अंदाजाप्रमाणे होते. वायरी आणल्यावर जे कळलं, तेवढंच काढून टाकलं." ती मला समजावत होती, जणू चूक मला कळत नाहीये. "जास्त पण नाही काढलं आई. जास्त काढलं असतं तर सगळ्यांना खोटे गुण मिळाले असते. तू म्हणाली होतीस ना, बरोबर तेवढंच पाणी घातलं तर बरोबर येतात."

"आणि तुझे?"

"माझे काहीही केलं तरी साठच होते."

लॅबमध्ये मी खोटा रिपोर्ट कधी जाऊ दिलेला नाही. इथे अख्ख्या विभागाचे रिपोर्ट बरोबर होते. एकच खोटा होता, आणि तो माझ्या घरातला होता.

तेवढ्यात फोन वाजला. घोरपडे मॅडम होत्या. त्यांच्या आवाजात असं काही होतं की मला आधी वाटलं, अभिनंदनच आहे.

"तुम्हालाच आधी सांगते. पातळी परीक्षेत ऋजुताचा पेपर अंदाजाशी तंतोतंत जुळला. फरक शून्य. दिवाळीनंतर थोडी हललेली दिसत होती, आम्हाला काळजी होती, पण शेवटी परत जागेवर आली. यंत्राने असं मूल आजवर बघितलेलं नाही."

"मग?"

"नववीच्या साठाच्या रेषेलाही तीच. आणि यंत्राने या वेळी तिला बारावीपर्यंत धरलंय. बाकीचे शोधायचीही गरज नाही म्हणतंय."

मी फोन ठेवला. टेबलावर ऋजुताने परत डबा उघडला होता. सेल, दोन दिवे, एक वायर दातांत धरलेली. मागे फ्रिजवरचं वेळापत्रक. मी जाऊन ते उतरवलं, चार तुकडे केले आणि केराच्या टोपलीत टाकले. तिने वायर दातांतून काढून बघितलं.

"कुणाचा फोन होता?"

"कुणाचा नाही. चल, चप्पल घाल. बाहेर जाऊ. कुठेही. कृष्णेच्या घाटावर जाऊ, भेळ खाऊ, सिनेमाला जाऊ. बाबांनाही बोलावू."

"आत्ता?"

"आत्ता."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून हसली, लहान मुलाला समजावतात तशी.

"आत्ता कसं जाणार आई? आत्ता अभ्यासाची वेळ आहे."